फणसाखालचं पान

प्लेगात नवरा गेला तेव्हा केशर तिशीचीही नव्हती. हिच्याही अंगात रोग असणार, असं ठरवून कुंभारवाड्याने तिला वेशीबाहेरच्या फणसाखाली बसवलं. धाकटा दीर झिलू लांबूनच पानावर भात ठेवायचा आणि मागे न बघता पळायचा. चौथ्या दिवशी तो आलाच नाही.

केशर रान तुडवत रेल्वेच्या वस्तीतल्या चर्चपाशी गेली आणि सवयीने कुंपणाबाहेर बसली. चर्च झाडणाऱ्या मोनिकाबायने तिला हाताला धरून थेट चुलीपाशी नेलं. ख्रिस्ती घरांनी वासे आणि गवताचे भारे आणून तिला खोपटं उभं करून दिलं. बाप्तिस्म्याचं कुणी काढलं नाही. केशरने दारात तुळस लावली, आणि मोनिकाबाय वारल्यावर चर्च तीच झाडू लागली.

सोळा वर्षांनी मानमोडीची साथ आली. गावाने बाहेर काढलेला झिलू तापाने फणफणत आला आणि कुंपणाबाहेर पान मांडून बसला.

“वैनी, हितंच वाढ.”

केशरने पान उचलून भिरकावलं आणि त्याचा हात धरला.

“ती रीत तुमच्या गावची. हितं आत येऊन जेवत्यात.”