पक्की का कच्ची

कागदावर शाईचा ठिपका द्यायचा, सुकेपर्यंत फुंकत बसायचं आणि मग थुंकी लावलेलं बोट त्यावरून फिरवायचं. ठिपका जागेवर राहिला तर "पक्की". पसरला तर "कच्ची". खामगावात माझ्या स्टेशनरीच्या दुकानात मास्तर हा उद्योग तासन्‌तास करत. तुम्ही कधी आला असाल तर काउंटरवरचे डाग पाहिले असतील. ते त्यांचेच.

ते निवृत्त चित्रकला शिक्षक. कापूस, पोत्याचे तुकडे, जुन्या साड्या कागदावर चिकटवायचे, त्यावर शाईनं चित्र काढायचे आणि शेवटी सगळ्यावर पाण्याचा ब्रश फिरवायचे. पक्क्या शाईची रेघ हलत नसे, कच्चीचं धुकं होई. म्हणून निवडीला एवढा वेळ. गिऱ्हाईकं खोळंबत, मी ओरडत असे.

एकदा मतदान करून थेट दुकानात आले. बोट वर. "शेठ, ही शाई पाह्यजे."

"मास्तर, हे सरकार फुकट लावते, विकत नाही."

"एक बाटली पाहा ना, राजेहो!"

मी धाड गावच्या बाजारात आईच्या भाजीच्या टोपलीमागे वाढलो. पुढे दुकान झालं, घर झालं, पण आईचा एकही फोटो नाही. मास्तरांना म्हटलं, तुम्ही काढून द्या. सवयीप्रमाणे भाव पाडला. ते हसून कबूल झाले.

मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. लुगडं? हिरवं. टोपली? एका बाजूनं उसवलेली. हात? करंगळी वाकडी. मी ठामपणे सांगत गेलो, ते पक्क्या शाईनं काढत गेले. नाकाशी मी अडखळलो, तसा त्यांचा हात दुसऱ्या बाटलीकडे गेला.

"आठोते ते पक्कीनं, अंधुक ते कच्चीनं," ते म्हणाले. "अन् डोये?"

काहीच आठवेना. मी भडकलो. "डोयासारखे डोये! काढा ना मनानं. कोन धरनार हाय तुमाले?"

"मनानं काढले तं ते माही माय होईन, शेठ. तुमी आठवा. मी थांबतो."

आणि थांबलेच. भल्याभल्या व्यापाऱ्यांना मी वाकवलंय, पण या माणसापुढे माझं काही चालेना. मी विचारायचो, "झालं का?" ते उलट विचारायचे, "आठोलं का?"

दिवाळीनंतर मास्तर तापानं गेले. त्यांच्या बायकोनं चित्र पाठवून दिलं. हिरवं लुगडं, टोपली, करंगळी, पुसट नाक. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

माझा राग अजून गेलेला नाही. घेतलेलं काम माणसानं पुरं करावं.

आता बाजाराच्या दिवशी मी धाडला जातो. भाजीवाल्यांसमोर उभा राहतो, भाव विचारत नाही, तोंडाकडे पाहतो. परवा एका बाईनं उन्हासाठी कपाळावर हात धरून वर पाहिलं आणि तिचा डावा डोळा बारीक झाला. आईचा अगदी असाच व्हायचा. उजव्यापेक्षा बारीक, कडेला एक सुरकुती. लख्ख दिसलं मला.

मी तिथंच उभा.

"काय पाहून राह्यले, भाऊ?" ती म्हणाली. "वांगे घ्याचे असन तं घ्या, नाही तं बाजूले व्हा. बोहनी नाही झाली अजून."