रस्ता मना शे

"तुला वाचायला कोणी सांगितलं? तू टाईप कर."

वकीलसाहेब असं म्हणाले आणि हातातला चहाचा ग्लास त्यांनी माझ्या पुस्तकावर ठेवला. मुद्दाम ठेवला. टेबलावर जागा रग्गड होती.

पुस्तक लॉ सीईटीचं होतं. साक्रीच्या तहसील कचेरीसमोर नानांचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे, तिथे मी कामाला होते. काम नसलं की पुस्तक उघडायचं, गिऱ्हाईक आलं की मिटायचं. त्या वेळी समोर सात-आठ माणसं उभी होती. साहेबांनी पुस्तकाचं नाव मोठ्यांदा वाचून दाखवलं. "घ्या! नानांची टायपिस्ट वकील होणार म्हणे! आमच्या तीन पिढ्या कोर्टात गेल्या, आम्हाला अजून वकिली येत नाही. हिला येते!"

माणसं हसली. नानाही हसले. नाना वाईट माणूस नाही, पण साहेबांचे सगळे कागद आमच्याकडेच यायचे. आणि मी? मीसुद्धा हसले. दात काढले चक्क. ते अजून खुपतं मला.

माझा गुन्हा एवढाच होता की मी एक शब्द वाचला होता.

गिरजाअक्का आमच्याच भागातली, डोंगराकडच्या गावची म्हातारी. तिच्या वावरात जायचा गाडीरस्ता शेजारच्या बड्या बागायतदाराने तार ओढून बंद केला होता. तहसीलदारांपुढे केस होती आणि अक्काचे वकील हेच साहेब. अक्काचं म्हणणं साहेबांच्या मुलाने लिहून घेतलं. मुलगा मोठ्या शहरातल्या लॉ कॉलेजात शिकून नुकताच वडिलांच्या हाताखाली आलेला. अहिराणी त्याला येत नाही. घरात कधी बोलूच दिली नाही. अक्का त्याला म्हणाली होती, "साहेब, तो रस्ता पयलेपासून मना शे."

आमच्या अहिराणीत मना म्हणजे माझा. मना भाऊ, मना बाप, मना रस्ता. त्या पोराने ऐकलं आणि लिहिलं, "सदर रस्ता अर्जदारास पूर्वीपासून मना आहे." झालं! पूर्वीपासून बंदी आहे, असं म्हातारी स्वतःच्या प्रतिज्ञापत्रात स्वतःच सांगत होती. समोरच्याला दुसरं काय पाहिजे?

मी एवढंच म्हणाले, "साहेब, इथे 'माझा' पाहिजे."

साहेबांनी कागद पाहिला. त्यांना अहिराणी येते. त्यांची आई बाजारात अहिराणीतच भाव करायची, बठ्ठ्या साक्रीने, लहानथोर सगळ्यांनी ऐकलंय. त्यांना चूक कळली, मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. पण मुलगा शेजारी उभा होता, लोक समोर होते. मुलाचं चुकलं म्हणायचं, तेही टायपिस्टच्या सांगण्यावरून? त्यापेक्षा म्हातारीचा रस्ता गेलेला बरा.

मी टाईप केलं. जसंच्या तसं. अक्काने अंगठा उठवला आणि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. "तुनं भलं होवो माय," म्हणाली.

त्यानंतर माझा अभ्यास ठप्प झाला. सीईटी दोन महिन्यांवर. मी बी.ए. झालेली, तीन वर्षांच्या लॉला जायचं होतं. गेल्या वर्षी जळगावला जाऊन परीक्षा देऊन आले होते, मार्क कमी पडले. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सरळ सांगितलं होतं, "औंदा शेवटचं." त्यामुळे सकाळच्या एसटीत उभ्याने वाचायचे, दुपारी दुकानात वाचायचे. पण ग्लासाचा तो गोल डाग पानांवर उतरला होता आणि डोकं तिथून पुढे सरकायचंच नाही. एक पान चार-चार वेळा. पालथ्या घड्यावर पाणी.

मोबाईलवर ते लोक असतात ना, उत्साह कसा टिकवायचा सांगणारे? त्यांचं सगळं केलं मी. पहाटे उठा, उठले. भिंतीवर ध्येय लिहून लावा, लावलं. डोळे मिटून स्वतःला काळ्या कोटात बघा, तेही केलं. डोळे मिटले की अक्काचा अंगठा दिसायचा. शाईने भरलेला, चपटा. सराव परीक्षेत मार्क वाढायचे सोडून दर आठवड्याला उतरत गेले. कायद्याच्या प्रश्नांतच जास्त चुकायचे. वहिवाटीच्या हक्कावर प्रश्न आला तर मला उत्तर यायचं आणि मी ते सोडून द्यायचे. कुठल्या तोंडाने लिहू? एकदा पुस्तक रद्दीत टाकायला काढलंही. माय म्हणाली, "सोडी दे बाई, जिवले तरास करू नको." मायेनेच म्हणाली. मला तेही अंगावर आलं, मी तिच्यावर ओरडले.

मग तारीख आली.

साहेबांचे काही कागद द्यायला नानांनी मला कचेरीत पाठवलं. मी दारात उभी होते. आत तहसीलदार, बदलून आलेले, विदर्भाकडचे. त्यांनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि चष्मा काढून अक्काला विचारलं, "आजी, तुम्हीच लिहून दिलंय की रस्ता पूर्वीपासून मना आहे. हे खरं आहे?"

अक्काचा चेहरा उजळला. कधी नाही ते सरकार तिचं म्हणणं तिच्या भाषेत विचारत होतं! हात जोडून, मान हलवून ती ठणकावून म्हणाली, "हा साहेब! मनाच शे!"

बागायतदाराचा वकील खाली बघून हसला. आमचे साहेब फाईल चाळत राहिले. त्यांचा मुलगा मोबाईल बघत होता. एका शब्दाचा अर्थ तेवढा सांगायचा होता, आणि त्या खोलीत तो माहीत असलेला शहाणा माणूस कागद मोजत बसला होता.

मी आत गेले.

"साहेब, मना म्हणजे माझा. आजी म्हणतेय रस्ता माझा आहे. कागदात चूक झालीय. ते मीच टाईप केलंय."

सगळे वळले. तहसीलदारांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, नियमाने. "तुम्ही वकील आहात?"

"नाही."

"पक्षकार?"

"नाही."

"मग बाहेर थांबा."

आमचे साहेब उठले. "माफ करा साहेब, टायपिस्ट आहे. डोक्यावर परिणाम झालाय परीक्षेचा." शिपायाने मला दार दाखवलं. मी दाराबाहेर उभी राहून पुन्हा मोठ्याने म्हणाले, "मना म्हणजे माझा!" पुन्हा म्हणाले. शिपायाने दार लावलं.

त्याच दुपारी नाना म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नको. साहेबांचं काम तुटलं तर मी काय करू?" मी पुस्तक उचललं आणि निघाले. नानांनी चहा विचारला. मी घेतला नाही.

निकाल अक्काच्या विरुद्ध गेला. त्याच एका ओळीवर. चार दिवसांनी ती साक्रीच्या स्टँडवर दिसली, बाकड्यावर एकटी. मी जवळ जाऊन बसले. तिने विचारलं, "ते तूच लिखं ना?"

"हा."

"तुले म्हाईत व्हतं?"

"व्हतं," मी म्हणाले. खोटं बोलायला जीभ वळली नाही. अपील करता येतं, दुसरा वकील बघू, असं मी सांगत राहिले. तिने मध्येच पिशवी उचलली आणि दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसली. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

परीक्षा आता अकरा दिवसांवर आहे. उत्साह नाही. तो गेला खड्ड्यात. सराव परीक्षेचे मार्क अजूनही सीट मिळण्याइतके नाहीत, कालचेही नव्हते. पण मी पान उलटते. रडू आलं तर रडत उलटते. वहिवाटीचा प्रश्न आला की उत्तर लिहिते.

अक्काच्या उपयोगी मी वेळेवर पडणार नाही, हे मला माहीत आहे. पास झाले तरी तीन वर्षं लागतात. ती मला माफ करणार नाही, आणि तिने करूही नये. मी गप्प बसले होते ते भीतीने बसले होते, त्याला दुसरं नाव नाही.

आबांना काल सांगितलं, औंदा शेवटचं नाही. औंदा नाही जमलं तर पुढच्या साली देईन, तेव्हा नाही जमलं तर त्याच्या पुढच्या. आबा उठून अंगणात गेले. नको म्हणाले असते तरी मी ऐकणार नव्हते.

वकिलीची सनद हातात आली की पहिलं वकीलपत्र मी साहेबांच्या विरुद्ध दाखल करणार आहे. मुलगा असेल समोर तर मुलाच्या विरुद्ध. त्यांनी आतापासून अहिराणी शिकायला घ्यावी.