प्रमोदच्या यादीत नसलेली चूक

प्रमोदच्या यादीबद्दल मी साहेबांशी खोटं बोललो होतो. महिन्याभरापूर्वी त्याच्या गावाहून, केनवडहून, फोन आला, प्रमोद हृदयविकाराने गेला म्हणून. तेव्हा दुःखाच्याही आधी मला हेच आठवलं...

वाशीमच्या आमच्या संगणक केंद्रात दोन मोठ्या सर्व्हरच्या पोटात शंभरावर आभासी संगणक चालतात. कोणता सुरू, कोणता बंद, हे पडद्यावर दाखवणाऱ्या यादीचा प्रोग्राम मी लिहिला होता. ती यादी एकेका संगणकाला विचारत पुढे जाई. एखादा मुका राहिला की सगळी खोळंबे. सात वर्षं कोणी तक्रार केली नाही. मग केनवडहून मोटारसायकलवर ये-जा करणारा, कंत्राटावरचा प्रमोद सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, तुमची यादी येईस्तोवर माहा चहा पिऊन होते!" सगळे हसले. मीही हसलो.

आठवड्यात त्याने नवी यादी केली. "तुमी एकेकाच्या दारात जाऊन हाक मारता. मी सगळ्याइले एकदमच मारतो. जो बोलत नाही त्याचं मागचं उत्तर दाखवतो, अन् ते किती जुनं हाय तेही बाजूले लिहितो." बटण दाबलं की यादी हजर. बंद पडलेले सगळ्यात वर, आणि नुसत्या आकड्यांऐवजी 'निकाल', 'ग्रंथालय' अशी त्यांच्या कामाची नावं. माझ्या टेबलाशी थांबणारे लोक त्याच्याकडे जाऊ लागले. इतकी साधी युक्ती मला का सुचली नाही, या विचाराने मला डबा गोड लागेना.

एकदा 'निकाल' बंद पडला आणि यादीत तो सुरू दिसत होता. बाजूला 'दहा मिनिटांपूर्वी' असं स्पष्ट लिहिलेलं होतं. मी ते वाचलं होतं, ते मागचं उत्तर आहे हेही मला कळलं होतं. तरी साहेबांनी विचारल्यावर म्हणालो, "प्रमोदची यादी भरवशाची नाही." माझी जुनी यादी परत आली, प्रमोदचं कंत्राट वाढलं नाही. जाताना तो म्हणाला, "भाऊ, कुठं चुकलं ते तरी सांगा न. मले दुरुस्त कराचं हाय." मी म्हणालो, "पाहून सांगतो." कधीच सांगितलं नाही...

मागच्या रविवारी केनवडला गेलो. त्याच्या बायकोने, सुनीताताईंनी, एक वही पुढे ठेवली. पानोपानी त्याने ती यादी पुन्हा पुन्हा तपासली होती.

"घरी आल्यावरही चूकच शोधून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "तुमाले सापडली काय, भाऊ?"

"चूक नव्हतीच, ताई. यादी बरोबर होती. मी जळत होतो, म्हणून खोटं बोललो. काल साहेबाइलेही सांगून आलो. प्रमोदले सांगाचं राहून गेलं... मले माफ करा."