शिवाची फ्लॉपी आणि आप्पांची परवानगी

परळीत गच्चीवरची वीज केंद्राची राख सकाळी झाडावी, तर संध्याकाळी पुन्हा हजर. आमच्या कॉम्प्युटर क्लासचे किस्से तसेच आहेत. हसून सांगतो, पण सांगताना घसा खवखवतो!

वीज आमच्या गावात बनायची आणि क्लासमध्येच लाइट नसायची. सर म्हणायचे, "आपन बनवायची, वापरायची पुण्या-मुंबईनं!" फी मात्र पूर्ण घ्यायचे.

सर स्वतः कॉम्प्युटर सायन्सचे पदवीधर. दुपारी त्याच कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका करायचे. "कावून, सर?" असं विचारलं तर म्हणाले, "सायन्स सकाळी, पोट दुपारी!"

माझा मित्र शिवा, किराणा दुकानदाराचा मुलगा. त्यानं क्लासमध्ये स्वतःचा गेम बनवला. उसाची बैलगाडी खड्डे चुकवत कारखान्यावर न्यायची. आम्ही खेळून बघितला आणि म्हणालो, "लई सोपा हाय बे, आपल्या रस्त्याला एवढे कमी खड्डे कुठं हायेत!"

जागा कमी पडते म्हणून सरांनी तो गेम पुसला आणि तिथं पत्रिकांचे गणपती भरले. मला अजून चीड येते. गेम उरला तो फक्त शिवाच्या एका फ्लॉपीत.

तेव्हा पुण्यात गेम प्रोग्रॅमिंगची पदवी निघाली होती. मुलाखतीला स्वतः केलेला गेम दाखवायचा, तरच प्रवेश. इकडे शिवाच्या वडिलांनी, आप्पांनी, गावातल्या कॉलेजात कॉम्प्युटर सायन्सला त्याचं नाव घालून ठेवलेलं. "खेळायची पदवी? मग गोट्यांनी काय पाप केलतं?" शिवानं जेवण टाकलं, आईनं रडून घर डोक्यावर घेतलं. शेवटी आप्पा म्हणाले, "जा बाबा." मुलाखत दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी होती.

खंडेनवमीला आप्पांनी पूजेला तराजू मांडला, मापं मांडली, शेजारी शिवाची फ्लॉपी ठेवली. "आता हेच ह्याचं हत्यार!" वरवरची पूजा त्यांना ठाऊकच नाही. त्यांनी फ्लॉपीची पत्र्याची खिडकी सरकवली, आतल्या काळ्या चकतीवर विभूतीची तीन बोटं ओढली आणि पाणी शिंपडलं.

दसऱ्याला शिवानं क्लासमध्ये फ्लॉपी घालून बघितली. कॉम्प्युटर नुसता घरघरला, गेम काही उघडला नाही. शिवा घरी गेला आणि म्हणाला, "आप्पा, मलाच न्हाई जायचं. सायन्सच करतो."

सायन्स झालं. शिवा आता दुकानात साखर तोलतो. आप्पा शेजारी बसून गिऱ्हाइकांना सांगतात, "आमी तर पूजा करून पाठवत होतो. त्यालाच न्हाई जायचं होतं!"