फिश टँकचे दोन पाइप आणि मामांचे कान

सांगलीतली गोष्ट, नव्वदच्या दशकातली. दुपारी कामावरून जरा लवकर घरी आलो आणि जिन्यातच धो धो पाणी पडल्याचा आवाज ऐकू आला… मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर धावलो.

कारण आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांच्या बरोबर खाली घरमालकांचं हळदीचं गोडाऊन होतं. भिंतीला लावून छतापर्यंत पोती. मी फिश टँक आणला त्याच दिवशी शेट वर येऊन सांगून गेले होते, "सर, मासे पाळा नाहीतर मगर पाळा. पण एक थेंब खाली आला, तर खोल्या रिकाम्या करायच्या."

आता मी पडलो आयटीआयमध्ये फिटर शिकवणारा माणूस. थेंब खाली येईलच कसा? साडेतीन फुटी टँक, त्याच्या स्टँडमध्ये खाली दुसरी छोटी टाकी. वरचं जादा पाणी पाइपातून खाली उतरायचं, तिथे गाळलं जायचं आणि पंप ते परत वर ढकलायचा. लाइट गेली की पंप बंद पडणार, तेव्हा वरून उतरणारं पाणी मावावं म्हणून खालची टाकी अर्धी रिकामी ठेवलेली… आणि लाइट तर रोज जायची.

शिवाय हा पाइप कधी तुंबलाच, तर शेजारी दुसरा पाइप. त्याचं तोंड दोन बोटं वर, म्हणजे एरवी तो कोरडाच. "मग ह्याचा उपयोग काय?" बायकोने, म्हणजे नंदाने विचारलं. म्हटलं, अडीअडचणीला असावा. "म्हणजे तुमच्या धाकट्या भावासारखा," असं म्हणून ती पोळ्या लाटायला गेली.

सगळं छान चाललं होतं… आणि मामा आले.

मामा म्हणजे माझे सासरे, कवठे महांकाळकडचे. अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं आणि उरलेलं पाण्याच्या टँकरची वाट बघण्यात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं की शांत पडून राहायचं.

पण माझा पाइप त्यांना पडू देईना. पाण्याबरोबर हवा आत शिरायची आणि दिवसभर गुडगुड गुडगुड चालायचं. मामा दर दहा मिनिटांनी उठून बसायचे, "पावणं, पानी वाया चाललंय वं!" मी समजावलं की मामा, वाया नाही, तेच पाणी फिरून फिरून येतंय. "तेच? मग आमच्या गावाला बसवा की एक," म्हणाले आणि दहा मिनिटांनी पुन्हा उठले.

शेवटी नंदाने निकाल दिला. एकतर आवाज जाईल, नाहीतर टँक जाईल.

रविवारी मी पाइपाच्या खालच्या टोकाला एक कॉक बसवला. तो हळूहळू आवळत गेलो, तसा पाइप पाण्याने गच्च भरला, हवेला आत जायला जागाच उरली नाही… आणि आवाज बंद! पाणी वाहतंय की नाही ते बोट घालून बघावं लागत होतं. मी शेजाऱ्यांना बोलावून बोलावून ती शांतता ऐकवली.

आणि तिसऱ्याच दिवशी हा धबधबा.

दार ढकलून आत गेलो. नंदा बाजारात गेलेली. मामा टँकसमोर स्टुलावर बसलेले, हात कॉकवर, कॉक पार बंद! आणि तो माझा बिनकामाचा कोरडा पाइप सगळंच्या सगळं पाणी गडगडाट करत खालच्या टाकीत आणून टाकत होता. मी आधी फरशीवरून हात फिरवला… कोरडी ठणठणीत. त्या पाइपाच्या पायाच पडावंसं वाटलं.

मामा मात्र वैतागलेले. "ही चावी आवळली तर दुसरीकडनं सुटलं की! लय चिवट पानी हाय तुमचं."

मी हसत कॉक पुन्हा उघडतोय, तोवर शेट दारात. चेहरा लाल. "सर, गोडाऊनच्या भिंतीला ओल आलीय. पोत्यांपासून हातभर राहिलीय."

त्यांनी टँककडे बघितलं. मीही बघितलं. फरशी कोरडी होती, पण ऐकणार कोण? मला तर आमचं सामान हातगाडीवर चढताना दिसायला लागलं.

तेवढ्यात मामा म्हणाले, "आवं शेट, त्या टाकीचं न्हाई ते. आत मोरीत थेंब पडतोय. टाकी गप झाली तवापास्नं ऐकतोय मी. त्योच बंद कराया उठलो हुतो, तर एका डोळ्यानं ही चावी घावली, म्हटलं हीच आसंल त्येची."

आम्ही तिघं मोरीत गेलो. नळाच्या मागच्या जॉइंटमधून थेंब थेंब पाणी भिंतीत उतरत होतं. ह्याच नळाबद्दल नंदा आठ महिने मला सांगत होती आणि मी आठ महिने "बघतो" म्हणत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

शेटनी नळाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सर, तुम्ही पोरांना नक्की काय शिकवता?" एवढंच विचारलं. मी मान खाली घालून पाना आणायला गेलो.

दोरा-सफेदा लावून जॉइंट आवळायला दहा मिनिटं लागली. आठ महिने आणि दहा मिनिटं… खूप लाज वाटली. त्या दुपारी मामा पहिल्यांदा गाढ झोपले. आणि संध्याकाळी शेटनी किलोभर हळद वर पाठवली, निरोपासकट, की ही म्हाताऱ्यांसाठी आहे, सरांसाठी नाही.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्ही साताऱ्यात स्वतःच्या घरात राहतो, खाली कुणाची हळद नाही, कुणी खोल्या रिकाम्या करायला सांगणार नाही. तरी घरात कुठे थेंब पडल्याचा आवाज आला, तर मी "बघतो" म्हणत नाही… उठतो.