दोन कळशा

मी चहा ओतू लागले, की कप अर्धा भरताच ते तळहात आडवा धरायचे. "पुरतंय की, बाई!"

ते म्हणजे आमच्या सणसरच्या चारीवरचे, कालव्याच्या फाट्यावरचे, पाटकरी. कालव्याचं पाणी कुणाच्या शेतात कधी सोडायचं, हे पाहणं त्यांचं काम. सगळे त्यांना तात्या म्हणत. एक सायकल, दोन खाकी सदरे, खांद्यावर फावडं. एवढ्या सामानावर इतका आनंदी माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. कुणी डाळिंबांची पेटी पुढे केली, तर ते त्यातलं एकच उचलत, तिथंच सोलून सगळ्यांच्या हातावर दाणे ठेवत आणि पेटी परत करत.

मुलांनो, तुम्हीही त्यांना पाहिलं आहे. सुट्टीत तुम्ही बांधावर आंब्याची दोन रोपं लावलीत, तेव्हा आळं कसं करायचं ते दाखवणारे हेच.

पाण्याच्या पाळीचा नियम असा, की पाणी आधी चारीच्या शेवटच्या शेतात जाणार आणि मग एकेक शेत वर सरकत येणार. आपलं शेत मधोमध. म्हणजे पहिले काही दिवस पाणी आपल्या शेताच्या लोखंडी दारावरून नुसतं वाहत जातं. बघत बसायचं.

तुम्ही गेल्यावर त्या उन्हाळ्यात विहीर आटली. तुमच्या रोपांनी माना टाकल्या. रविवारी व्हिडिओवर तुम्ही "झाडं दाखव" म्हणायचात आणि मी फोन फिरवून मांजर दाखवायचे.

पाणी सुटलं त्या सकाळी मी चारीवर जाऊन उभी राहिले.

"तात्या, दहा मिनिटं दार उचला. नातवंडांची झाडं आहेत."

"आधी शेवटाला पोचू द्या, बाई."

"दहा मिनिटांनी कुणाचं काय बिघडतंय?"

"शाळंत पोरानं रांग मोडली तर छडी तुमीच द्यायचा की," ते हसत म्हणाले.

निवृत्त मुख्याध्यापिकेला एक पाटकरी नाही म्हणतो, हे मला झोंबलं, खरं सांगते. मी तरातरा घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फाटकात हजर. सायकलच्या हँडलला दोन्हीकडे एकेक पितळी कळशी, घरच्या नळाच्या पाण्याने भरलेली.

"दोन रोपास्नी पाट कशाला लागतोय, बाई? दोन कळशा पुरत्यात की."

दोन्ही आळ्यांत त्यांनी सावकाश पाणी ओतलं. रिकाम्या कळशा आमच्या कट्ट्यावर ठेवल्या. "उद्यापासनं तुमी. ह्या ऱ्हाऊ द्या हितंच."

नळ माझ्याही घरात होता. तिथून बांध जेमतेम दोनशे पावलं. पण कळशी आपण उचलावी, हे मला सुचलंच नव्हतं.

पहिला आठवडा गुडघ्यांनी कुरकुर केली. मग रोपांपाशी माझा पाय रेंगाळू लागला. एका सकाळी तुमच्या रोपांपैकी वाकड्या रोपाला तांबूस पालवी दिसली आणि मी तिथंच, मातीत, फतकल मारून बसले. ते बघायला दुसरं कुणी नव्हतं, हे बरं. त्या रविवारी तुम्हाला मांजर दिसलं नाही.

काही वर्षांनी झाडांना पहिले आंबे लागले, तेव्हा मी चार आंबे आणि दोन्ही कळशा घेऊन तात्यांच्या घरी गेले. त्यांनी एक आंबा उचलला, हुंगला, बायकोच्या हातात दिला.

"कळशा तरी ठेवून घ्या, तात्या."

"एक हाय की घरात. पुरतंय."

तात्या गेल्या थंडीत गेले. चारीवर आता नवा पाटकरी आहे. कप काठोकाठ भरून चहा पितो, पण पाणी शेवटापासूनच देतो.

तुमच्या झाडांना आता वरून पाणी लागत नाही. म्हणून बांधाच्या टोकाला मी जांभळाची दोन रोपं लावली आहेत. भरलेली कळशी हल्ली मला झेपत नाही. अर्धीच नेते. तेवढ्याच दोन खेपा जास्त होतात.