सेलवर भरलेला आवाज

मे २००३, रविवार, दुपार. देवळीचे घर. हजर: धाकटा भाऊ, त्याची बायको म्हणजे वहिनी, आणि मी. बाबा दुकानात. वीज गेलेली.

दुसऱ्या दिवशी भावाला सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती व्हायचे होते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याने घसा खाल्ला होता. डॉक्टर स्वरयंत्रच काढणार होते. त्याआधी त्याला स्वतःचे रॅप कॅसेटवर भरायचे होते, बाबांसाठी. समोर उभा राहून बोलला असता तर बाबांनी दुसऱ्याच वाक्याला तोडले असते.

रॅपचा नाद त्याला नव्वदच्या दशकात, कॉलेजात लागला. वर्ध्याच्या कॅसेटवाल्याकडून तो इंग्रजी गाणी भरून आणायचा. शब्द आम्हा दोघांनाही कळत नसत.

"मंग आयकतं काऊन?" मी एकदा विचारले.

"ताई, हा माणूस इतका बोलते, अन् कोणी त्याले मधात तोडत नाई."

आमच्या घरी बाबांसमोर कुणाचे वाक्य पुरे होत नसे. कॉलेज सोडून दुकानात बसायचे ठरले, तेव्हा भाऊ "पण मी..." इथवरच पोचला होता. त्या आठवड्यात त्याने एकच गाणे इतके वाजवले की फीत ताणली. त्याचे लग्न ठरले तेव्हा दुसरे. कोणते गाणे लागले आहे यावरून घरात काय झाले असेल ते मला समजायचे.

त्या दुपारी वीज येईना. टेपमधले सेल जुने. आमच्याकडे उतरलेले सेल उन्हात ठेवतात, थोडा जीव धरतात. मी ते गच्चीवर तापवून आणले. भावाने ताटलीवर बोटांनी ताल धरला आणि घोगऱ्या आवाजात सुरू केले:

"थांबा बाबा, माही गोष्ट संपली नाई,
मधात बोलाची पाळी आज तुमची नाई."

कॉलेज, दुकान, लग्न, सगळे त्यात आले. कॅसेटची बाजू संपेपर्यंत तो थांबला नाही.

"इतकं तर माह्यासंगही कधी बोलले नाई," वहिनी म्हणाली. तो हसला आणि खोकत बसला.

ऑपरेशननंतर तो घरी आला, गळ्याला भोक, हातात लिहायची पाटी. त्याने बाबांना खुर्चीत बसवले आणि टेप लावला. आता वीज होती. भरताना उतरलेल्या सेलवर फीत हळू फिरली होती, ती विजेवर भराभर फिरू लागली. आतून चिरका, घाईघाईचा आवाज आला.

बाबा हसले. "हे कोणाचं पोट्टं चिरकून राह्यलं?"

भावाने टेप बंद केला. पाटी उपडी ठेवली. पुढच्या पावसाळ्यात तो गेला.

काही वर्षांनी वर्ध्यात कॉम्प्युटरवाल्याकडे आवाज हळू करून मिळतो असे कळले. वहिनीला घेऊन गेले. त्याने विचारले, "किती हळू करू?" आम्ही दोघी ऐकत राहिलो. एका ठिकाणी वहिनीने तोंडाला पदर लावला आणि म्हणाली, "बस. इथंच."

ती सीडी मी देवळीला नेली. बाबांना सांगितले की आता त्याचाच आवाज आहे.

"आज नको," ते म्हणाले.

तेव्हापासून दर रविवारी विचारते. कधी डोके दुखते, कधी कुणी येणार असते. सीडी प्लेअरमध्ये घालून ठेवली आहे. वीज असते, बाबाही घरी असतात. ऐकवणे बाकी आहे.